जब्बारचाचा आणि खालचे पाच

जब्बारचाचांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. सकाळी पिंपळगाव राजाहून बसने नांदुऱ्याला यायचे, स्टँडवरून चालत आमचं ऑफिस गाठायचे आणि दारातच थांबून छताच्या पंख्याकडे बघायचे. पंखा डगमगत नाही अशी खात्री पटली की मगच चपला काढायचे. दिव्याचं बटण रुमालाने दाबायचे. कॉम्प्युटरच्या वायरींपासून हातभर लांब बसायचे. त्यांच्यासमोर कुणी धावत जिना उतरलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

"चाचा, पंखा पडलाच तर माझ्या डोक्यात पडेल. तुमची खुर्ची तर कोपऱ्यात आहे," मी एकदा वैतागून म्हणाले.

"तेच तं भेव हाये ना बेटा," ते म्हणाले. "माह्यावर पडला तं माहं मी पाहून घेईन."

मी तेव्हा खूप हसले होते. राजूभाऊंनाही हा किस्सा सांगितला, तेही हसले. राजूभाऊ म्हणजे आमचे मालक आणि संपादक. त्यांच्या वडलांनी शेतीचं एक साप्ताहिक चालवलं होतं. कागद परवडेना, वाचक फोनवर गेले, तेव्हा राजूभाऊंनी साप्ताहिक बंद करून त्याचीच वेबसाइट केली. ऑफिसात आम्ही तिघंच. राजूभाऊ लेख मिळवायचे, चाचा ते तपासायचे आणि खामगावला बीसीए करून आलेली मी ते साइटवर चढवायचे.

चाचांना सगळे मुद्रितशोधक म्हणत, पण त्यांचं खरं काम फवारणीच्या लेखांचं होतं. साप्ताहिकात येण्याआधी बरीच वर्षं ते एका कृषी केंद्रात काउंटरमागे उभे होते. कोणत्या औषधाचं नाव कसं लिहायचं, कोणतं किती पाण्यात घालायचं, कोणतं कशात मिसळायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. कृषी केंद्र सोडून जमाना झाला, तरी डबा उघडण्याआधी ते तीनदा हात धुवायचे. पहिल्यांदा साबणाने, दुसऱ्यांदा साबणाने, तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने. मग बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि मगच भाकरीला हात लावायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ आहे.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. काहीही मोजायचं असलं की करंगळीपासून एकेक बोट मिटत यायचं आणि अंगठा शेवटी. काउंटरवर बाटल्या देताना लागलेली सवय. तोंडाने बोललेला आकडा ते धरायचेच नाहीत. बोट मिटलं तरच ती गोष्ट झाली.

आता भांडणाचा विषय सांगते, कारण चाचा मला त्या भांडणातूनच कळले.

आमच्या साइटवर प्रत्येक लेखाच्या खाली 'हेही वाचा' म्हणून पाच लेखांची नावं दिसायची. एक लेख वाचून झाला की माणूस त्यातल्या एखाद्या नावावर बोट ठेवतो आणि पुढे जातो. हे पाच कोणते आणि कोणत्या क्रमाने, एवढाच प्रश्न. सुरुवातीला मी सगळ्यात नवे पाच लावून मोकळी झाले होते. त्यामुळे कपाशीच्या लेखाखाली शेळीपालन यायचं आणि शेळीपालनाखाली बाजारभाव. कुणी पुढचं काही उघडायचंच नाही. राजूभाऊ म्हणाले, "सुनंदा, लोकं एकच वाचून पळून राह्यले. काही तरी कर, नाही तं साइट बंद करा लागीन."

मी शिकून आलेली, अंगात उत्साह. मी पद्धती काढल्या. एक, ज्या लेखांत सारखेच शब्द आहेत ते एकमेकांखाली लावायचे. दोन, हा लेख वाचणारे आणखी काय वाचतात ते बघून लावायचं. तीन, सगळ्यात जास्त वाचलेले वर आणायचे. चौथी पद्धत चाचांनी सुचवली, माणसाने वाचून हाताने निवडायचे. मला ती पद्धत वाटलीच नाही.

चाचांनी माझ्याकडून सगळ्या लेखांची नावं कागदावर छापून घेतली, त्यांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि ऑफिसच्या फरशीवर मांडल्या. मग मला एका चिठ्ठीवर उभं केलं.

"तू कोन हायेस आता?"

"सुनंदा."

"नाई. तू वावरात उभी हायेस. पऱ्हाटी तुह्या डोक्याइतकी वाढेल हाये. पाठीवर पंप हाये. एका हातात फोन हाये. बोंडाइत अळी हाये, अन् तुले भेव वाटून राह्यलं. आता सांग, तुह्या पायासमोर कोनती चिठ्ठी हाये?"

मी त्या कपाशीच्या वावरातून खाली पाहिलं आणि वाचून दाखवलं. ते मला पुढच्या चिठ्ठीवर न्यायचे, तिथून पुढच्या. असं दोन तास चाललं. मला पाय दुखल्याचं आठवतं आणि मनात म्हटलेलंही आठवतं, की मशीन हे डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं.

भेव वाटून राह्यलं असं चाचा म्हणाले ते खोटं नव्हतं. बीटी बियाणं नवं आलं तेव्हा बोंडअळीचा विषय संपला अशाच समजुतीत आमचा सगळा मुलूख होता. आम्ही साइट काढली तोवर अळी परत आलेली होती, गुलाबी रंगाची, बोंडाच्या आत बसून खाणारी. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत किडकी सरकी. बाहेरून काही कळतच नसल्यामुळे लोक आणखी घाबरायचे. घाबरले की फोन उघडायचे. दुपारी बाराच्या सुमाराला, शेतात भाकरी खायला बसण्याच्या वेळेला, आमच्या साइटवर गर्दी व्हायची.

आणि त्या गर्दीत एक लेख सगळ्यांच्या वर होता. 'दोन औषधं, एक फवारणी, आठ दिवसांत बोंडअळी साफ.' साप्ताहिकाच्या काळात कुण्या वाचकाने पाठवलेला. दोन जहाल औषधं एकत्र करून मारायची, मापं पंपाला किती टोपणं अशी दिलेली. चाचांनी तेव्हाही छापू नका म्हणून सांगितलं होतं. शेवटी त्यांनी लेखाच्या तळाशी सावधगिरीच्या दोन ओळी घातल्या आणि राजूभाऊंनी तो छापला. साइटवरही तो तसाच आला.

"हा लेख उडवा," चाचा म्हणाले.

"अहो चाचा, सगळ्यात जास्त वाचतात तो," राजूभाऊ म्हणाले. "लोकं वाचून राह्यले म्हंजे लोकाइले पाह्यजे. अन् तुमची सूचना हाये ना खाली."

"खालची ओळ कोन वाचते राजूभाऊ? वर आठ दिवसात साफ लिवल्यावर?"

राजूभाऊ वाईट माणूस नव्हते. पण साइट बंद पडायची भीती त्यांना होती आणि ती त्यांना जास्त जवळची होती. ते माझ्याकडे वळले. मी तोडगा काढला, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. म्हटलं, वाचकांचे आपोआप दोन भाग करू. अर्ध्यांना सारख्या शब्दांचे लेख दाखवू, अर्ध्यांना सगळ्यात जास्त वाचलेले. आठवडाभराने बघू कोणते लोक जास्त थांबतात, आणि तीच पद्धत कायम ठेवू.

चाचांनी चष्मा काढला.

"अर्ध्याइले हे अन् अर्ध्याइले ते?"

"हो."

"अन् चुकलं तं कोन्या अर्ध्यानं भोगाचं?"

मी म्हणाले, "चाचा, लेख तर सगळे साइटवर आहेतच. आपण कुणाला काही कर म्हणून सांगत नाही. फक्त खाली नावं दाखवतो."

डबा खायची वेळ झाली होती. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर नळ सुरू होता आणि ते तिसऱ्यांदा की चौथ्यांदा साबण लावत होते. तिथेच, नळाशी उभं राहून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली, नंतर कधी विषय काढला नाही.

"दुकानात लोकं यायचे ना बेटा, तं कोनीच औषधाचं नाव नाई सांगे. सारे इचारत, सध्या काय चालू हाये? मंग जे जास्त चाले ते मी समोरच्या फळीवर मांडो. समोर मांडलं म्हून आखीन चाले. आखीन चाललं म्हून मी समोरच ठेवो. त्या साली दोन बाटल्या लय चालल्या. दोन्ही समोर ठेवल्या, एकमेकीले लागून. एक जन आला, त्यानं दोन्ही नेल्या. त्याले वाटलं, लागून हायेत म्हंजे संगंच माराच्या असतीन. मिसळल्या. दुपारी हवा पडेल होती, पऱ्हाटी उंच, सारं औषध अंगावरच बसलं. दोन दिवस तो बोलला नाई. मंग वाचला, पन त्याची नजर गेली."

नळ त्यांनी बंद केला.

"मी मिसळ म्हून सांगितलं नोतं. मी फक्त शेजारी ठेवल्या. तू म्हन्ते ना, खाली नावं दाखवतो फक्त? तसंच."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते एका दुकानातलं होतं, जुनं होतं, आणि आठवडाभराचाच प्रश्न होता. त्याच दुपारी मी वाचकांचे दोन भाग करून टाकले. आजही त्या बटणाची जागा मला डोळे मिटून सांगता येईल.

चार दिवसांत आकडे वर गेले. जास्त वाचलेल्या लेखांची पद्धत सरळ जिंकत होती. बोंडअळीवर काहीही उघडलं की खाली पहिलं नाव 'दोन औषधं, एक फवारणी' हेच. खाली दिसतं म्हणून लोक उघडायचे, लोक उघडायचे म्हणून ते खाली दिसायचं. हे मी स्क्रीनवर रोज पाहत होते आणि फळीची गोष्ट मला आठवत नव्हती, असं नाही. राजूभाऊंनी पेढे आणले. चाचांनी पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी एक बाई जिना चढून आल्या. धामणगाव बढ्याच्या शोभाबाई हिवराळे. हातात फोन घट्ट धरलेला. भांडायला आल्या असाव्यात असं मला वाटलं आणि मी उभी राहिले. त्या भांडायला आल्याच नव्हत्या.

"आमचे हे दवाखान्यात हायेत," त्या म्हणाल्या. "काल फवारता फवारता पडले. डॉक्टर इचारून राह्यले कोनतं औषध होतं. बाटल्या नाल्यात फेकल्या यायनं, अन् हे बोलत नाईत. या फोनात होतं नाव. हे वाचूनच त्यायनं आनलं होतं. बोंडाच्या फोटूच्या खाली होतं. काल मी डोयानं पाह्यलं. आता नाई दिसून राह्यलं. जरा काढून देता का?"

दिसणार कसं? आदल्या संध्याकाळी राजूभाऊ म्हणाले होते, दोन दिवस अर्धे उलटून बघ, म्हणजे पक्कं कळेल. मी अर्धे उलटवले होते, म्हणजे ज्यांना जास्त वाचलेले दिसायचे त्यांना आता सारख्या शब्दांचे. काल त्या फोनवर जे खाली होतं ते आज नव्हतं. मी तो लेख शोधायला कॉम्प्युटरकडे वळले.

चाचा मात्र खुर्चीतून कधी उठले मला कळलंही नाही. एवढा भित्रा माणूस, पण आवाज अगदी थंड. "बाई, बस. वास कसा होता? एका बाटलीतलं पान्यात दुधासारखं झालं होतं का?" शोभाबाई हो म्हणाल्या. चाचांनी एका चिठ्ठीवर दोन्ही औषधांची नावं लिहिली, आत काय असतं तेही लिहिलं, दवाखान्याचा नंबर विचारून फोन लावला आणि डॉक्टरला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग शोभाबाईंना म्हणाले, "चला, मी येतो संगं." चपला न घालताच जिना उतरले. मी चपला घेऊन मागे धावले तेव्हा ते रिक्षात बसले होते.

हिवराळे वाचले. काही दिवस त्यांना सगळं धुरकट दिसत होतं, मग नीट दिसायला लागलं. पण ते आम्हाला नंतर कळलं. मधले चार दिवस मी जेवले की नाही ते मला आठवत नाही. लेख मी त्याच दिवशी, राजूभाऊंना न विचारता, उडवला. राजूभाऊ खिडकीशी उभे राहून रस्त्याकडे बघत राहायचे.

चाचा दुसऱ्या दिवशी आले. पंख्याकडे पाहिलं. चपला काढल्या. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, ते कोन्या अर्ध्यात होते?"

ते मला काढता येत होतं. मी काढलं. "जास्त वाचलेल्या."

त्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर फवारणीच्या लेखांखालचे पाच चाचा हाताने निवडू लागले. बाकीच्या लेखांना मशीन, फवारणीला चाचा, असं राजूभाऊंनीच ठरवून टाकलं. पऱ्हाटीला पातं, म्हणजे कळी, लागलंय की बोंड धरलंय ते बघून पाच नावं बदलायची. पाचवं नाव मात्र कधी बदलायचं नाही, 'फवारताना चक्कर आली तर काय करावं.' तो लेख त्यांनी स्वतः लिहिला होता, पंधरा-वीस ओळींचा. रोज अकराच्या आधी मी प्रत्येक लेख उघडायचे, खालची पाच नावं मोठ्याने वाचायचे आणि ते करंगळीपासून बोटं मिटत यायचे. अंगठा त्या पाचव्या लेखाचा. मूठ पूर्ण मिटली की म्हणायचे, "चाल, पुढचं." लोक पूर्वीपेक्षा कमी थांबायचे साइटवर. आकडे खाली आले ते आलेच.

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर चाचांना मोतीबिंदूने अक्षर दिसेना आणि मुलाने घरी बसवायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सकाळीच, चाचा यायच्या आधी, राजूभाऊ मला म्हणाले, "उद्यापासून ते नाईत. रोज कोन निवडीन? चार त्यायचे राहू दे, पाचवं मशीनवर टाक. हळूहळू सारंच टाकू." मी नाही म्हणाले नाही. पाचवी जागा मी जास्त वाचलेल्यांसाठी सोडली. हे चाचांना सांगायचं धाडस मला दिवसभर झालं नाही, म्हणजे अकरा-साडेअकरापर्यंत. कारण ते अर्ध्या दिवसानेच निघाले, आणि निरोपाच्या गडबडीत रोजचं नावं वाचणंही राहिलं.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. पिंपळगाव राजाची बस लागलेली होती. ड्रायव्हर वर चढला की नाही, मागचा दरवाजा नीट लागतो का, सगळं बघून ते खिडकीशी बसले. पिशवी मांडीवर घेतली. बस सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीचा गज धरून मला जवळ बोलावलं.

"बोंडअळीच्या खाली काय हाये आज?"

मी नावं घ्यायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. चारही त्यांचीच होती. ते एकेक बोट मिटत होते. मग मी पाचवं सांगितलं, अगदी न अडखळता, "फवारताना चक्कर आली तर काय करावं." खरं म्हणजे त्या जागी त्या क्षणी काय दिसत होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना किती दिसत असेल मला माहीत नाही. बस हलली. त्यांचा हात फक्त तसाच खिडकीबाहेर राहिला, चार बोटं मिटलेली आणि अंगठा उघडा. स्टँडवरच्या कुणाला वाटलं असेल की म्हातारा सगळं ठीक आहे म्हणून अंगठा दाखवतो आहे.

बस वळून दिसेनाशी झाली. स्टँडच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. या वेळेला लोक पंप खाली ठेवतात, सावलीला बसतात आणि फोन उघडतात. मी ऑफिसकडे पळत सुटले.